०७/०९ : व्हर्जिनियातली चुकलेली तारीख आणि ६० दिवसांची मुदत

समन्सवर तारखेच्या चौकोनात ०७/०९/२०२४ असे छापले होते. अमेरिकेत ही तारीख ९ जुलै. भारतात वाढलेल्या माणसाला ती ७ सप्टेंबर दिसते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत येऊन ८ महिने झालेल्या एका मराठी इंजिनिअरने ती ७ सप्टेंबर वाचली, फोनच्या कॅलेंडरमध्ये तशी नोंद केली आणि तो निर्धास्त झाला. ९ जुलैला व्हर्जिनियातल्या कोर्टात त्याच्या नावाचा पुकारा झाला. कोणी उठले नाही. खटला त्याच्या गैरहजेरीतच निकाली निघाला.

प्रकरण नमुना म्हणून मांडले आहे, कोणाची ओळख पटेल असे त्यात काही नाही. कायदा आणि मुदती मात्र व्हर्जिनियात आहेत तशाच दिल्या आहेत. दुसऱ्या राज्याला त्या लावू नयेत.

सुरुवात मे महिन्यातली. मेमोरियल डेच्या जोडून सुट्टीत, शनिवारी २५ तारखेला, तो मित्रांबरोबर नॉर्थ कॅरोलायनाकडे निघाला होता. दक्षिण व्हर्जिनियात आय-९५ महामार्गावर कमाल वेग ताशी ७० मैल आहे. रडारवर त्याचा वेग ८८ दिसला. ट्रूपरने, म्हणजे राज्य पोलिसाने, कागद दिला, सही घेतली, ‘सांभाळून जा’ म्हटले. त्याच्या समजुतीने हे वेगाचे चलन होते, घरी गेल्यावर ऑनलाइन भरायचे.

ते चलन नव्हते. व्हर्जिनियात कमाल वेगापेक्षा २० मैल किंवा जास्त वेगाने गेले, किंवा रस्त्यावरची मर्यादा कितीही असो, ८५ मैलांच्या वर गेले, की कलम ४६.२-८६२ खाली ‘रेकलेस ड्रायव्हिंग’, म्हणजे बेदरकार गाडी चालवणे, लागते. १ जुलै २०२० पूर्वी ही दुसरी मर्यादा ८० होती. सत्तरच्या रस्त्यावर ८८ म्हणजे फक्त १८ मैल जास्त, पण ८५ ओलांडलेच. हा क्लास वन मिस्डेमीनर, म्हणजे फौजदारी गुन्हा आहे. कमाल शिक्षा १२ महिने तुरुंग आणि २,५०० डॉलर दंड. दोषी ठरल्यास व्हर्जिनियाच्या नोंदीत ६ वजा गुण लागतात आणि ती नोंद ११ वर्षे राहते. साधे वेगाचे चलन आधीच पैसे भरून मिटवता येते, रेकलेसचे येत नाही. कोर्टात उभे राहावेच लागते.

सहीबद्दलही गैरसमज असतो. समन्सवरची सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. ‘या तारखेला, या कोर्टात हजर राहीन’ हे लेखी वचन घेऊन अधिकारी जागेवरूनच सोडतो, ते वचन म्हणजे ही सही. सही नाकारली तर अधिकारी नकाराची नोंद करून, सुनावणीची तारीख सांगून सोडतो. त्यामुळे ‘मला घरी नोटीस आलीच नाही’ हा बचाव इथे चालत नाही. नोटीस त्याच्या हातात होती, तिच्यावर त्याचीच सही होती.

आता ९ जुलैला काय झाले ते. बोलावूनही आरोपी आला नाही तर जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या, म्हणजे असे खटले चालवणाऱ्या खालच्या कोर्टाच्या, जजपुढे दोन वाटा असतात. गैरहजेरीत खटला चालवून निकाल द्यायचा, किंवा ‘केपियस’ काढायचा. केपियस म्हणजे आपल्याकडच्या भाषेत पकड वॉरंट. तुरुंगाचा विचार असेल तर जज सहसा दुसऱ्या वाटेने जातात. या दोन्हींवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत, मुदतीही वेगळ्या. तारीख चुकली हे लक्षात आल्यावर पहिले काम एकच : आपल्या खटल्यात यातले काय झाले ते बघणे. ते कळण्याआधी पैसे भरणे, कोर्टाला माफीची ईमेल पाठवणे, गाडी काढून तिकडे धावणे, सगळेच घातक ठरू शकते.

त्याच्या लक्षात आले ते मंगळवारी, २० ऑगस्टला. रजा टाकायला कॅलेंडर उघडले तर ७ सप्टेंबर हा शनिवार निघाला. शनिवारी कोर्ट कसे भरेल, म्हणून त्याने समन्स पुन्हा काढले. कोपऱ्यात सकाळी ९:३० ही वेळ होती, आणि वर तो ०७/०९.

व्हर्जिनियाच्या जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टांची खटल्यांची माहिती ऑनलाइन, फुकट बघता येते. आधी नेमके कोर्ट निवडायचे, मग नाव, खटला क्रमांक किंवा सुनावणीची तारीख घालून शोधायचे. आपल्या नावांचा इथे घोळ होतो. वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लागलेले असते, कधी तेच आडनावाच्या जागी जाते, कधी परवान्यावर दोन्ही जोडून एक झालेले असते. नावाने सापडले नाही म्हणजे खटला नाही असे धरू नये. सुनावणीच्या तारखेने पूर्ण यादी काढावी. त्याला तिसऱ्या प्रयत्नात, आडनावाच्या जागी वडिलांचे नाव घातल्यावर सापडले. निकालाच्या रकान्यात ‘गिल्टी इन ॲब्सेन्शिया’, म्हणजे गैरहजेरीत दोषी. दंड आणि कोर्टखर्च. तुरुंग नाही, केपियस नाही.

दोषी ठरला हे वाईटच. तरी वॉरंट नव्हते, म्हणजे रस्त्यावर अटक होण्याची धास्ती नव्हती. सगळा भार आता दिवस मोजण्यावर होता.

जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या निकालावर सर्किट कोर्टात, म्हणजे वरच्या कोर्टात, अपील करायला १० दिवस मिळतात. हे अपील म्हणजे पहिल्यापासून नवा खटला, म्हणून हा हक्क फार मोलाचा असतो. ती मुदत १९ जुलैलाच संपली होती. दुसरी वाट कलम १६.१-१३३.१ ची : दोषी ठरल्यापासून ६० दिवसांच्या आत, सबळ कारण दाखवले तर, तेच कोर्ट खटला पुन्हा उघडू शकते. ९ जुलैपासून ६० वा दिवस कोणता? ७ सप्टेंबर. त्याने चुकून टिपून ठेवलेला तोच शनिवार. २० ऑगस्टला ४२ दिवस गेले होते, १८ उरले होते. समन्स आणखी अठरा-एकोणीस दिवस गाडीच्या खणात पडून राहिले असते तर हाही दरवाजा बंद झाला असता.

कागदावरचे १८ दिवस प्रत्यक्षात १८ नसतात. कलमाची भाषा ‘६० दिवसांत खटला उघडता येईल’ अशी आहे. अर्ज ६० दिवसांत पडला म्हणजे झाले, असा सोयीचा अर्थ धरणे धोक्याचे. जाणते वकील सुनावणीही त्याच मुदतीत लागावी म्हणून धडपडतात. शिवाय ज्या जजने निकाल दिला त्यांच्यापुढेच अर्ज जातो. ते उपलब्ध नसतील तरच दुसऱ्यांकडे. छोट्या काउंटीत ट्रॅफिकचे काम आठवड्यातून एक-दोनदाच चालते, या कोर्टात मंगळवारी. २ सप्टेंबरला लेबर डेची सुट्टी. म्हणजे हातात खरे दोनच दिवस होते : २७ ऑगस्ट आणि ३ सप्टेंबर.

बुधवारी सकाळी त्याने क्लार्कच्या कार्यालयात फोन केला. क्लार्क कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही, म्हणून ‘मी काय करू’ हे विचारून वेळ घालवायचा नाही. विचारायचे ते असे : निकालाची नेमकी तारीख कोणती, केपियस निघाला आहे का, व्हर्जिनियात गाडी चालवण्याची मुभा काढून घेतली आहे का, निकाल देणारे जज पुढे कधी बसणार आहेत, पुनर्सुनावणीचा अर्ज टपालाने चालतो की प्रत्यक्ष द्यावा लागतो. बोलणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहून घ्यावी. यातला मुभेचा प्रश्न लोक हटकून विसरतात. रेकलेसमध्ये दोषी ठरवताना कोर्ट १० दिवस ते ६ महिने परवाना निलंबित करू शकते. परराज्यातला परवाना व्हर्जिनिया रद्द करू शकत नाही, पण आपल्या हद्दीत चालवण्याची मुभा काढून घेऊ शकते. ती गेलेली असताना स्वतः गाडी हाकत सुनावणीला पोचणे म्हणजे कोर्टाच्या दारात नवा फौजदारी गुन्हा करणे. त्याच्या बाबतीत निलंबन नव्हते.

दंड त्याने भरला नाही, आणि ते बरोबर केले. निकालानंतर पैसे भरले म्हणून अर्जाचा हक्क आपोआप जात नाही, पण भरणा म्हणजे निकाल मान्य, असा सूर त्यातून निघतो. वकिलाशी बोलण्याआधी भरू नये, आणि वकिलाने भरा म्हटले तर टाळू नये.

वकील कोणता? न्यू जर्सीतला ओळखीचा वकील व्हर्जिनियाच्या कोर्टात उभा राहू शकत नाही. व्हर्जिनियाची सनद लागते. सनदेपेक्षाही तो त्या काउंटीत दर आठवड्याला उभा राहतो का, हे मोलाचे. रस्त्यावर चलन मिळाले की घरच्या पत्त्यावर वकिलांच्या जाहिरातींची पत्रे येतात, त्यातले चांगलेही असतात. पण फी ठरवताना ती कशाकशाची आहे ते लिहून घ्यावे : पुनर्सुनावणीचा अर्ज, त्याची सुनावणी, खटला उघडला तर मूळ खटला, आणि पुढे सर्किट कोर्टात अपील. बहुतेकांच्या ठोक फीमध्ये शेवटचे बसत नाही. वकील परवडत नसेल तर, तुरुंगाची शक्यता असलेल्या खटल्यात कोर्टाकडून वकील मागता येतो. त्यासाठी उत्पन्न केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या आत असावे लागते. नोकरदार इंजिनिअरला तो मिळणार नाही, पण विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाने विचारायला लाजू नये. मात्र तुरुंग देणार नाही असे जजने आधीच लेखी नोंदवले तर कोर्टाला वकील देणे बंधनकारक राहत नाही.

पुढचा कळीचा प्रश्न ‘सबळ कारण’ कशाला म्हणायचे हा. कलमात त्याची व्याख्या नाही, जजच्या विवेकावर सगळे. ‘कामाच्या गडबडीत विसरलो’ हे कारण बहुतेक जागी पडते. इस्पितळ, अपघात, कोर्टाचीच चूक ही भक्कम कारणे. तारीख उलटी वाचली हे मधले कारण. पुरावा असेल तर चालते, नुसत्या शब्दावर नाही. त्याच्याकडे पुरावा होता : फोनच्या कॅलेंडरमधली ७ सप्टेंबरची नोंद, आणि ती नोंद २५ मे रोजी संध्याकाळी केल्याची वेळ. वकिलाने त्याचा स्क्रीनशॉट प्रतिज्ञापत्राला जोडला. सोबत अमेरिकेत पहिल्यांदा दाखल झाल्याची तारीख. त्याने स्वतः लिहून आणलेले तीन पानांचे प्रतिज्ञापत्र वकिलाने एका पानावर आणले. त्यात रस्ता मोकळा होता, सगळेच तेवढ्या वेगाने जात होते, ट्रूपर उद्धट नव्हता, असे बरेच काही होते. ते सगळे काढले. तो मजकूर मूळ गुन्ह्याबद्दलचा होता, काही वाक्ये तर वेगाची थेट कबुली देणारी होती. पुनर्सुनावणीच्या प्रतिज्ञापत्रात फक्त न येण्याचे कारण असावे.

आणखी एक परिच्छेद काढला, आणि या प्रकरणातला तो सर्वांत शहाणा निर्णय होता. त्याने लिहिले होते, ‘या निकालामुळे माझ्या ग्रीन कार्डला अडचण येईल, म्हणून तो रद्द करावा.’ इमिग्रेशन अपील मंडळाने २००३ मध्ये ‘मॅटर ऑफ पिकरिंग’ या निर्णयात आखलेली रेषा अशी : खटल्यातल्या प्रक्रियेच्या किंवा कायद्याच्या दोषामुळे दोषसिद्धी रद्द झाली तर इमिग्रेशनसाठी ती उरत नाही, पण केवळ इमिग्रेशनचा त्रास वाचावा म्हणून रद्द झाली तर उरते. साठ दिवसांतली पुनर्सुनावणी आणि वर्षांनंतर रद्द केलेली शिक्षा या एक नव्हेत, तरी अर्जात असे वाक्य ठेवून पुढे कोणाच्या हातात कोलीत का द्या? कारण खरे असावे, आणि ते गैरहजेरीचे असावे.

एच-१बीवाल्याने दुसऱ्या वकिलाशीही, इमिग्रेशनच्या, बोलायचे असते आणि तेही कबुलीजबाब देण्याआधी. २०१० च्या पॅडिला विरुद्ध केंटकी निकालात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फौजदारी वकिलाने कबुलीजबाबाचे इमिग्रेशनवरचे परिणाम अशिलाला सांगितले पाहिजेत. पण काउंटीतल्या ट्रॅफिक वकिलाला व्हिसा स्टॅम्पिंगचे बारकावे माहीत असतीलच असे नाही. नुसत्या वेगाचे रेकलेस सहसा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यांत धरत नाहीत, म्हणून हद्दपारीच्या भीतीने झोप उडवून घेऊ नये. अडचण कागदांत येते. व्हिसाच्या अर्जाचा डीएस-१६० फॉर्म विचारतो, कधी अटक किंवा दोषसिद्धी झाली आहे का. मिस्डेमीनरमध्ये दोषी ठरलेल्याला तिथे ‘हो’ लिहावेच लागते. लपवणे हा मूळ वेगापेक्षा कितीतरी मोठा अपराध ठरतो.

शुक्रवारी, २३ ऑगस्टला अर्ज दाखल झाला. सुनावणी लागली ३ सप्टेंबरला, ५६ व्या दिवशी. वकील एकटा गेला असता तरी कदाचित भागले असते, पण त्याने अशिलाला येण्याचा आग्रह धरला : एकदा न आलेला माणूस आता आला आहे हे जजला दिसू द्या. जजने एकच प्रश्न विचारला, ‘समन्स घेतले त्या दिवशी तारीख वाचली होती का?’ उत्तर होते, ‘वाचली होती, चुकीची वाचली.’ कॅलेंडरचा कागद वर गेला. खटला उघडला, नवी तारीख १५ ऑक्टोबर पडली. ती तारीख वकिलाने त्याला अक्षरात लिहायला लावली.

खटला उघडणे म्हणजे सुटणे नव्हे. पहिला निकाल पुसला जातो आणि कमाल शिक्षेची सगळी शक्यता पुन्हा समोर येते. वेग शंभराच्या वर असेल आणि गैरहजेरीत नुसता दंड झाला असेल, तर उघडावे की नाही याचा वकिलाबरोबर नीट विचार करावा. ८८ ला ती भीती कमी होती.

मधल्या सहा आठवड्यांत त्याने तीन कामे केली. ८ तासांचा ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट वर्ग. न्यू जर्सी मोटर व्हेइकल कमिशनकडून १५ डॉलर भरून स्वतःचा ड्रायव्हिंग इतिहास, जो कोरा होता. आणि स्पीडोमीटरची कॅलिब्रेशन चाचणी. व्हर्जिनियात कलम ४६.२-९४२ प्रमाणे ही चाचणी कोर्टाला दोष किंवा शिक्षा ठरवताना विचारात घेता येते. गाडी खरोखर ८८ ने जात असताना काटा ८५ दाखवत होता. तीन मैलांचा फरक, पण ८५ ही मर्यादा असलेल्या राज्यात तीन मैल पुष्कळ झाले. प्रमाणपत्रावर गाडीचा व्हीआयएन क्रमांक नसेल तर सरकारी पक्ष लगेच बोट ठेवतो. तो तपासूनच कागद घ्यावा.

१५ ऑक्टोबरला आरोप ‘इम्प्रॉपर ड्रायव्हिंग’वर आणला गेला. चालकाचा दोष किरकोळ असेल तेव्हा कलम ४६.२-८६९ तशी सोय देते. हा गुन्हा फौजदारी नाही, ट्रॅफिक नियमभंग आहे : कमाल दंड ५०० डॉलर, ३ गुण, नोंद ३ वर्षे. हा निकाल हक्काने मागता येत नाही. काही काउंट्यांत तो सहज मिळतो, काहींत ८५ च्या वर कोणालाच मिळत नाही, आणि हे आधी सांगू शकणारा वकील म्हणजेच त्या कोर्टात रोज उभा राहणारा वकील.

९ जुलैला जजने दुसरी वाट धरली असती तर? तेव्हा ६० दिवसांचे गणित लागू नसते, कारण दोषसिद्धीच नाही. केपियसला मुदत नसते. तो वर्षानुवर्षे जिवंत राहतो. शिवाय मुद्दाम गैरहजर राहणे हा कलम १९.२-१२८ खाली स्वतंत्र क्लास वन मिस्डेमीनर आहे. ‘मुद्दाम’ हा शब्द सरकारी पक्षाला सिद्ध करावा लागतो, आणि तिथे तोच कॅलेंडरचा पुरावा कामी येतो. एवढ्या गुन्ह्यासाठी काउंटी न्यू जर्सीतून माणूस उचलून नेण्याचा खर्च सहसा करत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. पण व्हर्जिनियात कुठेही गाडी थांबवली गेली की हातकडी पडते, आणि भारतातून परतताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या पडद्यावर ते वॉरंट दिसू शकते. अशा वेळी आधी स्थानिक वकिलाने कोर्टात केपियस मागे घेण्याचा अर्ज करून बघायचा. तो मंजूर झाला नाही तर स्वतःहून व्हर्जिनियातल्या मॅजिस्ट्रेटपुढे हजर व्हायचे. मॅजिस्ट्रेट रात्रंदिवस उपलब्ध असतात, जामीन तिथेच ठरतो, आणि स्वतः चालत आलेल्याला नुसत्या लेखी हमीवर सुटण्याची संधी बरी असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे. शुक्रवारी संध्याकाळी गेलो आणि जामिनात काही अडले, तर सोमवारपर्यंत कोर्ट नाही.

घरच्या परवान्याचे काय, हा शेवटचा धागा. नॉन-रेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट हा १९७७ चा आंतरराज्य करार. परराज्यातल्या समन्सला उत्तर दिले नाही, तर ते राज्य घरच्या राज्याला कळवते आणि घरचे राज्य परवाना निलंबित करते, पूर्तता होईपर्यंत. अलास्का, कॅलिफोर्निया, मिशिगन, मोंटाना, ओरेगन आणि विस्कॉन्सिन ही सहाच राज्ये त्यात नाहीत. न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया दोन्ही आहेत. करारात नसलेल्या राज्यातले लोकही सुटत नाहीत. परवान्याच्या नूतनीकरणाला नॅशनल ड्रायव्हर रजिस्टरमध्ये दुसऱ्या राज्यातले निलंबन दिसले की खिडकीवरच काम अडते. व्हर्जिनियाचे ६ किंवा ३ गुण न्यू जर्सीत जसेच्या तसे येत नाहीत. परराज्यातल्या गाडी चालवण्याच्या नियमभंगाला न्यू जर्सी सरसकट २ गुण लावते. निलंबन झालेच तर पूर्ततेचा कागद आणि १०० डॉलर भरून परवाना परत मिळतो. या प्रकरणात निलंबनाचे पत्र आलेच नाही, पण त्याने नोव्हेंबरमध्ये ड्रायव्हिंग इतिहास पुन्हा काढून खात्री केली. कोर्टाने निकाल कळवला आणि मोटार खात्याने तो चुकीचा टंकला, असेही होते.

खटला संपल्यावर क्लार्ककडून निकालाच्या शिक्का मारलेल्या तीन प्रती घ्याव्यात. एक स्टॅम्पिंगच्या मुलाखतीला, एक ग्रीन कार्डच्या अर्जाला. तो अर्ज समन्स आणि आरोपांबद्दलही विचारतो, नुसत्या दोषसिद्धीबद्दल नाही. आणि एक घरी, पासपोर्टच्या फाइलमध्ये, मूळ समन्सला टाचून. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांहून लांब जाते. जनरल डिस्ट्रिक्ट कोर्ट जुने खटले कायमचे जपत नाही, आणि ‘रेकॉर्ड नष्ट झाले’ एवढेच उत्तर मिळाले तर त्या दिवशी हातात असलेली प्रत हाच एकमेव पुरावा उरतो.